आरशावरचा टॉवेल

दुकानात दुधाच्या कपाटांपाशी रेने नेहमी डोळे मिटूनच उभी राहायची. त्या उघड्या कपाटांतला गार वारा सरळ बुबुळांवर यायचा, डोळ्यांत कुणी वाळू टाकल्यासारखं व्हायचं आणि पाठोपाठ धारा लागायच्या. डोळे कोरडे आहेत म्हणता आणि वाहतात कसे, हे लोकांना समजावून सांगायचा नाद तिने केव्हाच सोडला होता. कोरडे पडतात म्हणूनच वाहतात, पण ते पाणी नुसतंच पाणी, त्यात तेल नाही, ते बुबुळावर ठरत नाही, हे सगळं सांगेपर्यंत समोरच्याचं लक्ष उडालेलं असायचं. अमेरिकेच्या उत्तर टोकाच्या या मायनॉट गावात तसंही कुणी कुणाला रडायचं कारण विचारत नाही. लोक मान वळवतात आणि हवापाण्याचं बोलतात. तिने अंदाजाने निळ्या झाकणाचा कॅन धरला होता, तेवढ्यात कोपराला कुणाचा तरी हात लागला. लोणी आणि कापूर यांचा मिळून एक वास आला, म्हणजे आर्लिस हाउगेन. चर्चमधली आर्लिस. गावात कुठेही रक्तदान असलं की शेवटच्या टेबलाशी बसून रक्त दिलेल्यांना बिस्किटं आणि सरबत देणारी. थंडी यंदा जायचं नावच घेत नाही, असं ती म्हणाली. हो ना, असं रेनेही म्हणाली. मग आर्लिसने आवाज उतरवला.

"तुझ्या ब्रिटाचं वाईट वाटलं बघ मला. एवढी हौसेनं आली होती शाळेतल्या रक्तदानाला. पण त्या मुरमांच्या गोळ्या चालू असताना रक्त घेत नाहीत गं. चुकून एखाद्या गर्भार बाईला ते चढलं, तर बाळाला धोका. गोळ्या संपल्या की महिन्याभराने ये म्हणाले. मी म्हटलं, नाही तर नाही, बिस्किटं तरी खा. तीच सांगत होती सगळ्या पोरींना, हसून हसून. पण रेने, पोरीचा चेहरा काय उजळलाय गं."

रेने हो म्हणाली. आपण हो म्हणालो हे तिला नंतर गाडीत बसल्यावर आठवलं. दुधाचा कॅन मांडीवरच राहिला होता, त्याचा गारठा जाड पँटमधून आत शिरत होता आणि तिला तो बाजूला ठेवायचं सुचत नव्हतं. तिने गाडी चालू केली, कडेने बंद असलेला चष्मा चढवला आणि सवयीने गरम हवेच्या झडपा तपासल्या. त्या सगळ्या पायांकडे वळवलेल्या. या गाडीत गरम वारा कधीच कुणाच्या तोंडावर येत नसे. बाहेर उणे वीस असो की उणे तीस, या घरातली माणसं पाय शेकत आणि नाक गोठवत प्रवास करायची, काच आतून धुरकट व्हायची, आणि कर्ट, तिचा नवरा, दर चौकात बाहीने ती पुसायचा. तो त्याबद्दल कधी बोलला नव्हता. मुलगी, ब्रिटा, मात्र लहानपणापासून कुरकुरायची, मागच्या सीटवरची झडप गुपचूप आपल्या तोंडावर फिरवायची. गोळ्या. म्हणजे त्याच. दुसऱ्या कुठल्या गोळ्यांसाठी रक्त नाकारायला बसलेत ते लोक! गेल्या वसंतात ब्रिटाने त्या गोळ्या घेऊ का म्हणून विचारलं होतं, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, केसांनी निम्मा चेहरा झाकून. रेनेने भांडी विसळता विसळता, मागे वळूनही न बघता, नाही म्हणून सांगितलं होतं. मग सगळं पुराण ऐकवलं होतं, पहिल्यापासून. ब्रिटाने ऐकून घेतलं. बरं, म्हणाली आणि गेली. किती समजूतदार पोरगी, असं रेनेला तेव्हा वाटलं होतं. आता त्या 'बरं'ची तिला लाज वाटायला लागली.

पुराण तरी काय होतं? रेने ब्रिटाएवढीच असताना तिची पाठ, मान, गाल सगळं फोडांनी भरलं होतं. चिमूटभर मुरूम नव्हेत, दुखणारे, खोल, पिकून फुटणारे फोड. सकाळी उशीवर डाग असायचे आणि तिची आई काही न बोलता अभ्रे वेगळे धुवायची. वडील, ऑर्व्हल, गहू पिकवणारा तालेवार माणूस, जेवताना तिच्याशी बोलायचे ते बटाट्यांच्या भांड्याकडे बघून. ते तिला घालूनपाडून कधीच बोलले नाहीत, पण त्यांनी आपल्या तोंडाकडे बघणं सोडलंय हे तिला कळत होतं. मग लांबच्या गावातला कातडीचा डॉक्टर, दर महिन्याची रक्ततपासणी, आणि त्या गोळ्या. ओठ उकलले. हसलं की रक्त यायचं. नाकातून रक्त यायचं, सांधे म्हातारीसारखे कुरकुरायचे. आणि मग ईस्टरच्या रविवारी, चर्चच्या पायऱ्यांवर, ऑर्व्हलने तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि म्हणाले, अरे, ही तर आमची रेने. बास, एवढंच. त्या वाक्यावर ती वर्षभर जगली. त्या वसंतात ती नाचाला गेली, केस मागे बांधून, मान उघडी टाकून. नव्या सुरीसारखा धारदार, कापून जाईल असा आनंद होता तो. पुराण सांगताना हा भाग तिने ब्रिटाला कधीच सांगितला नव्हता. आणखी एक गोष्ट ती नेहमी गाळायची. गोळ्या बंद झाल्या की बहुतेकांच्या डोळ्यांचं सुरळीत होतं. बहुतेकांचं. हे वाक्य डॉक्टरांनी तिलाही सांगितलं होतं आणि ते खोटंही नव्हतं.

डोळ्यांचं तिच्या लक्षातच आलं नाही. त्याच उन्हाळ्यात लेन्स खुपायला लागल्या, तेव्हा ती म्हणाली, लेन्स जुन्या झाल्या असतील. पुढे धान्याच्या कोठारात गव्हाची प्रत तपासायची नोकरी लागली, दिव्याखाली दाणे पसरून खराब दाणे निवडायचे, तेव्हा डोळे लाल व्हायचे. सगळे म्हणाले, धूळ आहे, परागकण आहेत, आमच्याही घरात सगळ्यांना आहे. इथल्या माणसाला काहीही झालं तरी तो आधी गव्हाच्या धुळीवर ढकलतो. ती वर्षानुवर्षं ॲलर्जीची औषधं घेत राहिली, आणि त्या औषधांनी डोळे आणखी सुकत गेले, हे तिला फार उशिरा कळलं. एका डॉक्टरीणबाईंनी शेवटी पापणी उलटवून फोटो काढला आणि पडद्यावर दाखवला. निरोगी माणसाच्या पापणीत तेलाच्या बारीक नळ्या ओळीने उभ्या असतात, शेजारी शेजारी. तिच्या पापणीत इकडे एक, तिकडे अर्धी, बाकी नुसतं गुलाबी मांस. त्याच गोळ्यांनी झालं असं मी छातीठोक सांगू शकत नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण जे गेलंय ते परत येत नाही. रेने फोटोकडे बघत राहिली. तिला तेव्हा राग आला नाही, रडू आलं नाही. आपल्या आत कुठेतरी, आपल्याला न विचारता, एक शेत ओसाड झालंय आणि आपण मात्र वर्षानुवर्षं वाऱ्याला दोष देतोय, एवढंच तिला कळलं. गव्हाची नोकरी सुटली. आता ती घरीच, पडदे ओढून, गारपिटीच्या विम्याच्या तक्रारी फोनवर ऐकायची. बुबुळाला वारा लागणार नाही, ऊन लागणार नाही, संगणकाच्या पडद्याचा उजेड लागणार नाही, याचा हिशेब करता करता तिचं जगणं एका खोलीएवढं झालं होतं. घरातली माणसंही त्या हिशेबात शहाण्यासारखी वागायला शिकली होती.

घरी येऊन तिने दूध फ्रिजमध्ये ठेवलं आणि वरचा बर्फाचा कप्पा उघडला. हरणाच्या मांसाच्या पुड्यांमागे, नाताळात उरलेल्या लेफ्सा पोळ्यांच्या पिशवीखाली, तिच्या बाटल्या होत्या. बोटाच्या पेराएवढ्या. दवाखान्यात तिचंच रक्त काढून घ्यायचे, त्यातला तांबडा भाग खाली बसला की वरचं फिकट पिवळं पाणी घेऊन त्याचे थेंब बनवायचे. बाकी सगळी औषधं हरल्यावर आता हेच चालत होतं. एकेक बाटली खाली फ्रिजमध्ये आणून वितळवायची आणि आठवडाभर पुरवायची. प्रत्येकीवर तिचं नाव आणि खाली तंबी, दुसऱ्याने वापरू नये. हल्ली त्या पुरत नव्हत्या. आठवडा संपायच्या आत बाटली रिकामी व्हायची. हात थरथरतो, थेंब गालावर ओघळतात, असं ती धरून चालली होती आणि एकदा कर्टवरच उखडली होती, की कप्प्याचं दार नीट लावत नाहीस म्हणून माल खराब होतो. कर्टने निमूटपणे दाराचं रबर बदललं होतं. आत्ता तिने एक थेंब डाव्या डोळ्यात घातला, एक उजव्यात, नाकाजवळच्या कोपऱ्यात बोट दाबून उभी राहिली, आणि मिटल्या डोळ्यांआड तिला ब्रिटाचे ओठ आठवले. उकललेले, साल निघालेले. ऑक्टोबरात तिने स्वतःच तिला ओठांना लावायचं मलम आणून दिलं होतं. हवा कोरडी झालीय बघ, असं म्हणून. जगात ते ओठ कुणाला ओळखता यायला हवे होते, तर तिला. आणि तिने मलम आणून दिलं, वर आणखी एक आणून दिलं!

कर्ट आला तेव्हा अंधारून आलं होतं. बूट काढता काढताच त्याला कळलं असावं, कारण तो नेहमीसारखा काय शिजतंय म्हणून भांड्यात डोकावला नाही. तिने आर्लिसचं नाव घेतलं तसा तो खुर्चीत बसला. तो उंच, सावकाश माणूस, रेल्वेच्या यार्डात कामाला. त्याला खोटं बोलता येत नाही अशी तिची खात्री होती. म्हणजे सप्टेंबरापासून दर महिन्याच्या एका शनिवारी बापलेक बर्फावर मासे धरायला जात होते, निदान तळं गोठायच्या आधी नुसतेच तळ्यावर जात होते, ते मासे धरायला नव्हेच. तपासणीला. आणि ती मेली सँडविचं बांधून देत होती! वर मासे का मिळत नाहीत म्हणून चिडवत होती दोघांना.

"तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस," कर्ट म्हणाला.

"हो. म्हणालेच होते."

"मग? एकाची सही पुरते, मी केली." त्याने टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला. "तिने वर्षभर न्हाणीघरातल्या आरशावर टॉवेल टाकून दात घासले, रेने. केस विंचरताना टॉवेल. तोंड धुताना टॉवेल. मला एकदा म्हणाली, बाबा, आईला माझं तोंड बघवत नाही. मी काय सांगणार होतो तिला?"

टॉवेल वाळत घातलाय असं वाटलं होतं मला, हे रेनेच्या ओठांवर आलं होतं आणि ती ते गिळून बसली. तिला खरंच तसं वाटलं होतं. वर्षभर तिने तो टॉवेल पाहिला होता, ओला आहे का म्हणून चाचपलाही होता एकदोनदा, आणि तसाच राहू दिला होता, कारण न्हाणीघरातला दिवा आरशात दुप्पट होऊन तिच्या डोळ्यांना टोचायचा. तिला बरंच पडत होतं. ती म्हणाली, तिच्या डोळ्यांना काही होतंय का, एवढं तरी विचारलंस का? कर्ट म्हणाला, दर वेळी विचारतो, नाही म्हणते. एक महिना राहिलाय फक्त. आणि मग, उठता उठता, त्याच्या नेहमीच्या मवाळ आवाजात म्हणाला की तो टॉवेल नाताळापासून आरशावर नाहीये. तुझ्या लक्षात आलं असेल असं मला वाटलं होतं.

तो पडवीत बर्फ उपसायला गेल्यावर ती न्हाणीघरात गेली. आरशावरचा टॉवेल अडकवायचा खिळा उघडा होता. आरसा स्वच्छ, कडेला ब्रिटाने एक चिमुकलं चांदणीचं चित्र चिकटवलेलं. दिवा टोचला तरी ती उभी राहिली. आरशात एक चव्वेचाळीस वर्षांची बाई होती, कातडी नितळ, अजूनही लोक म्हणायचे काय छान कातडी आहे, आणि त्या कातडीत दोन लाल भोकं. तिला वाटायचं आपण ब्रिटाच्या चेहऱ्याकडे बघत नाही ते डोळ्यांमुळे. बघायला त्रास होतो, पापण्या जड होतात, बोलताना मिटून घेतलं की बरं वाटतं, सगळ्या घराला ते माहीत होतं आणि कुणी वाईट वाटून घेत नसे. पण तसं नव्हतं. पहिला फोड ब्रिटाच्या हनुवटीवर आला, त्या दिवसापासून तिला तिथे आपलाच चेहरा दिसायला लागला होता, उशीवरच्या डागांसकट, आणि तिने नजर उचलून बटाट्यांच्या भांड्यावर ठेवली होती. अगदी ऑर्व्हलसारखी. फार भीती वाटली तिला. मग ती टबच्या कडेवर बसून राहिली, ब्रिटा शाळेच्या वाद्यवृंदाची तालीम संपवून येईपर्यंत.

ब्रिटा आली ती बासरीची पेटी हातात तशीच घेऊन. खाली बापाने सांगितलं असणार. दारात उभी राहिली, केस मागे बांधलेले, मान उघडी. रेनेने तिच्याकडे पाहिलं. पाणी यायला लागलं, डोळे मिटायची ऊर्मी आली, तरी ती बघत राहिली. कपाळ, गाल, जबड्याची रेघ. खाली थोडे गुलाबी वण होते, तेही फिके पडत चाललेले. किती देखणी पोरगी होती ही! केव्हा झाली? रेने ठरवून आली होती की आधी डोळ्यांचं विचारायचं, कडक आवाजात विचारायचं, उजेडात बसवून पापण्या तपासायच्या.

"सुंदर दिसतेस," ती म्हणाली.

ब्रिटाचं तोंड वाकडं झालं, लहान मूल रडू आवरतं तसं. पेटी खाली ठेवून ती आईला येऊन बिलगली, आणि रेनेच्या गालाला तिचा गाल लागला, मऊ, कोरडा, ऊन. मग रेनेने विचारलं, डोळ्यांना काही त्रास? खुपतं, टोचतं, सकाळी पापण्या चिकटतात? ब्रिटा म्हणाली, नाही गं आई, काही नाही, शपथ. उगाच काळजी करतेस. रेनेने तिच्या पापण्यांकडे पाहिलं. त्या मिटत होत्या, उघडत होत्या. चांगल्या दिसल्या. तिला त्या चांगल्याच दिसायला हव्या होत्या. जेवताना तिघं पुष्कळ बोलले, कर्टने मासे न मिळण्याचे विनोद केले, आणि ब्रिटा खदखदून हसली, ओठ उकलेल म्हणून तोंडावर हात धरून. त्या घरात असं जेवण कित्येक महिन्यांत झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. रेनेला जाग आली की पहिली काही मिनिटं डोळे उघडता येत नसत. रात्रीतून पापणी बुबुळाला चिकटलेली असायची, घाई केली तर वरचा पापुद्रा सोलून निघायचा, मग दिवस गेला. म्हणून ती मिटल्या डोळ्यांनीच उठायची, भिंत धरून जिना उतरायची आणि स्वयंपाकघरापर्यंत जायची. घर तिला हाताने पाठ होतं. गरम हवेचं यंत्र तळघरात घोंघावत होतं. बाहेर कर्ट गाडी तापवत होता, चर्चला जायचं म्हणून. ती दाराशी पोचली आणि थांबली. फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज. दारातल्या कप्प्यात बाटल्यांची किणकिण. आणि मग एक अगदी बारीक टिक, झाकण फिरवून निघाल्याची. तो आवाज जगात ती एकटीच ओळखत होती. तिने बोट तोंडात घालून ओलं केलं, पापण्यांच्या कडेवरून फिरवलं आणि दुखत होतं तरी डोळे उघडले.

ब्रिटा ओट्याला टेकून उभी होती, मान मागे टाकून. करंगळीने खालची पापणी ओढलेली, बाकीच्या बोटांत ती चिमुकली बाटली. थेंब पडला. तिने डोळा मिटला आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरला, थेंब घशात उतरू नये म्हणून. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पाळण्यात होती तेव्हापासून बघत होती ती हे. एवढ्या सफाईने पहिल्या दिवशी कुणाला जमत नाही. रेनेला आपल्या सगळ्या रिकाम्या बाटल्या आठवल्या, फ्रिजचं नवं रबर आठवलं. यंदाच्या हिवाळ्यात गाडीतल्या गारठ्याबद्दल ब्रिटा एकदाही कुरकुरली नव्हती, तेही आठवलं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

ब्रिटा दचकली नाही. डोळा मिटलेलाच ठेवून म्हणाली, "थँक्सगिव्हिंगपासून. आधी दुकानातले थेंब आणले होते. त्यांनी होईना."

"बाबांना?"

"नाही माहीत."

"काल विचारलं मी तुला."

"काल तू बघत होतीस माझ्याकडे," ब्रिटा म्हणाली.

आज गोळी घ्यायची नाही, उद्या सकाळीच दोन्ही डॉक्टरांना फोन करायचा, असं रेने भराभर बोलत गेली. लवकर थांबलं तर बहुतेकांचं सुरळीत होतं, हेही सांगितलं तिने, पहिल्यांदाच, आणि तिला स्वतःलाच ते थापेसारखं ऐकू आलं. ब्रिटा मान खाली घालून ऐकत होती. एकच महिना राहिलाय, ती म्हणाली. मध्येच सोडलं आणि फोड परत आले तर? रेनेला म्हणायचं होतं, येऊ देत, आले तर आले. एवढे शब्द होते. ते घशाशी आले आणि तिथे ईस्टरची सकाळ आडवी उभी राहिली, हनुवटीखाली ऑर्व्हलचा खरखरीत हात, चर्चच्या पायऱ्यांवरचं ऊन.

"आई, तुला कुणी आधी सांगितलं असतं," ब्रिटा म्हणाली, "तर तू गोळ्या थांबवल्या असत्यास?"

बाहेर कर्टने हॉर्न वाजवला, हलकेच, घाई नाही असा. तळघरातलं यंत्र थांबलं आणि घर एकदम शांत झालं.

"नाही," रेने म्हणाली.

ब्रिटाने मान हलवली. तिला ते माहीत होतं. तिने बाटली आईपुढे धरली, आता यापुढे लपवायचं काही नाही अशी, आणि रेनेने ती घेतली. बाटलीवर तिचं स्वतःचं नाव होतं, खाली ती तंबी. आतलं पिवळं पाणी तळाशी आलं होतं. दोघींना पुरणार नव्हतं.

"बस खाली," ती म्हणाली. "वर बघ. दुसरा डोळा राहिलाय."